कंसातली माणसं

माझ्या माहेरी देव्हाऱ्याखालच्या फळीवर लाल कापडी बांधणीची एक वही असते. वडिलांच्या चुलत्यांनी, म्हणजे आमच्या अण्णाआजोबांनी, ती १९७४ साली सासवडच्या बाजारातून आणली. दुष्काळ नुकताच सरला होता, खडी फोडायला गेलेली माणसं घरी परतली होती, आणि अण्णाआजोबांच्या मनात आलं की कोण कोणाचं ते एकदा लिहून ठेवावं. ते चौथी शिकलेले. पहिल्या पानावर 'श्री खंडोबा प्रसन्न' आणि पुढची आठ पानं आमच्या भावकीची वंशावळ. पट्टीने रेघ मारून चौकट, चौकटीत नाव, बापाच्या चौकटीखाली लेकांच्या चौकटी. सात पिढ्या. मी मोजल्या, एकशे अकरा चौकटी आहेत. त्यात बाई एकही नाही.

लहानपणी हे कधी खटकलं नाही. दसऱ्याला विळा, खुरपी, फाळ यांच्या शेजारी वहीसुद्धा पुजेला मांडत. मी तिच्यावर झेंडूचं फूल ठेवायचे आणि आपलं नाव आत असेलच असं धरून चालायचे.

३१ मे २०२४ ला मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. माझी जन्मतारीख १ जून आहे. माझ्या पिढीतल्या खेड्यातल्या निम्म्या लोकांची तीच असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी तीच लिहीत. आईला विचारलं तर ती सांगायची, 'मिरगाच्या आधी झालीस, आदल्या दिवशी वळीव पडला होता.' एवढाच माझ्या जन्माचा दाखला. आता मी हडपसरला राहते. दिवेघाट चढून पलीकडे गेलं की कऱ्हेच्या खोऱ्यात माझं माहेर. निवृत्त झाल्यावर काय करणार असं दादाने विचारलं तेव्हा मी म्हटलं, अण्णाआजोबांची वही पुरी करणार. दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कर. पण कुणाचं नाव कुठं छापू नको. वाटणीचा दावा चालूय, माणसं बिथरतील." त्याला शब्द दिलाय. म्हणून इथे नुसती नाती लिहिते, नावं नाहीत.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या जुन्या ग्रंथालयांत गेलात तर कुलवृत्तान्तांची कपाटंच्या कपाटं दिसतात. मूळ पुरुष कोण, तो कोकणातल्या कुठल्या गावाहून आला, त्याच्या कोणत्या शाखा कुठे गेल्या, सगळं छापलेलं, बांधलेलं. मी त्यांच्यासमोर उभी राहून आमच्याकडचं काही आहे का म्हणून शोधत राहायचे. कुणबाऊ घरांचं असं छापील फार थोडं. दक्षिणेकडे, कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला, हेळवी बैलावरून येतात आणि घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात. आमच्या गावात असं कोणी आलेलं कोणाला आठवत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या असतात, पण आमची माणसं अस्थी कऱ्हेतच सोडत. आमचा कुलवृत्तान्त तलाठ्याच्या दप्तरात आहे, आणि तो वाचायला मला वर्ष लागलं.

पहिली गोष्ट उमगली ती सर्व्हे नंबरची. आमची मूळ जमीन, समजा, सत्तेचाळीस नंबर. (खरा आकडा वेगळा आहे.) जुन्या कागदावर पुढे दिसतं ४७/१ आणि ४७/२. म्हणजे दोन भावांची वाटणी झाली. मग ४७/२अ आणि ४७/२ब, म्हणजे दुसऱ्या भावाला दोन मुलगे. मग ४७/२ब/१, ४७/२ब/२, ४७/२ब/३. पोटहिस्स्याची ती तिरपी रेघ म्हणजे एकेक पिढी. अण्णाआजोबांनी पट्टीने ज्या रेघा मारल्या, त्याच सरकारी मोजणीदाराने आधीच मारून ठेवल्या होत्या. वहीत आणि पोटहिस्स्यांत दोन ठिकाणी मेळ बसेना, तेव्हा कळलं की वहीत एक भाऊ राहून गेलाय. निर्वंशी गेला म्हणून कोणी त्याची आठवण ठेवली नव्हती. कागदावर त्याची तिरपी रेघ होती.

हे नंबर इंग्रजी अमदानीतले. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यात इंदापूरला जी मोजणी बसवली, तिच्यावरून पुढे सगळ्या मुंबई इलाख्याची घडी बसली. शंभरेक वर्षं ते नंबर तसेच चालले. मग १९४७ च्या कायद्याने तुकडेबंदी आणि एकत्रीकरण आलं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि तिरप्या रेघांचं ते झाड मोडलं. शेतीच्या दृष्टीने ते बरं की वाईट हा वेगळा विषय. माझ्यासारखीला मात्र जुना नंबर आणि नवा गट यांचा जुळणी तक्ता मिळेपर्यंत पुढचं पाऊल टाकता येत नव्हतं.

वाटण्यांचा हा हिशेब पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी शंभर वर्षांपूर्वी एका गावापुरता मांडला होता. गाव पिंपळे सौदागर. तिथे एका खातेदाराकडे सरासरी जमीन १७७१ साली ४० एकर होती, १८१८ साली साडेसतरा, आणि १९१४-१५ ला ७ एकर. आज पिंपळे सौदागरला वीस-वीस मजली इमारती आहेत. माझी मावसबहीण तिथे बाराव्या मजल्यावर राहते. तिच्या गॅलरीत उभी राहिले की मला ते तीन आकडे आठवतात. आमच्याकडे १८८० च्या सुमाराला एका माणसाच्या नावावर बावीस एकर होती. दादाच्या सातबाऱ्यावर आज एक एकर चौदा गुंठे आहे. मधल्या प्रत्येक भागाकारात एक बाप मेलेला आहे आणि त्याची मुलं चुलीपासून वेगळी झालेली आहेत.

कागदाशी आमच्या माणसांचं नातं प्रेमाचं नव्हतं, हेही सांगायला हवं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले. सुपे आमच्यापासून लांब नाही. कागद घरात यायचा तो जमीन न्यायलाच यायचा. त्यामुळे घरात जुना कागद दिसला की म्हातारी माणसं अजूनही आधी विचारतात, "कुनाची नोटीस आली?" मी वर्षभर कागद गोळा करत फिरले तेव्हा भावकीतल्या तिघांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांचा राग मला समजतो.

सातबारा सगळ्यांना माहीत असतो. गाव नमुना सात आणि बारा. वर जमीन कोणाची ते, खाली पीक कुठलं ते. पण खरी गोष्ट असते गाव नमुना सहामध्ये, फेरफारात. एखादं नाव सातबाऱ्यावर का आलं आणि का गेलं, ते तिथे लिहिलेलं असतं. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने ही हक्कनोंद सुरू झाली. सातबाऱ्यावर नावाशेजारी गोलात एक आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. तो धरून मागे मागे जायचं. आणि माणूस मेला की त्याचं नाव खोडत नसत, त्याला कंस करत. तलाठी म्हणतात, 'नावाला कंस केला.' आमच्या गटाच्या जुन्या उताऱ्यावर आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, नाव कंसात आहे, चुलत आजोबांचं कंसात आहे, वडिलांचं कंसात आहे. नाव वाचता येतं, फक्त माणूस राहिलेला नाही.

दुसरी दोन अक्षरी-तीन अक्षरी कोडी असतात. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, बहुधा थोरला भाऊ. आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. बाप मेला, मुलगा अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, म्हणून त्याच्या वतीने जो कोणी उभा राहतो त्याचं नाव अ.पा.क. च्या पुढे येतं. बाई शेतीच्या कागदावर येते ती अशी. एक तर विधवा म्हणून, नाहीतर अज्ञानाची आई म्हणून, नाहीतर हक्क सोडताना. नांदती, राबती बाई कागदावर कुठेच नसते.

आता वाल्हेकरणीबद्दल.

वहीत माझ्या पणजोबांची चौकट आहे. तिच्याखाली एकच चौकट, माझे आबा. पणजोबा १९१८ साली मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, गेले. त्या वर्षी पाऊसही नव्हता आणि दिवाळीच्या आगेमागे ती साथ आली. सकाळी शेतात असलेला माणूस तिसऱ्या दिवशी तिरडीवर, असं म्हातारी माणसं सांगत. पणजोबांचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात आहे. सोमवतीला खंडोबाबरोबर तोही कऱ्हेवर अंघोळीला जातो. आबा तेव्हा तीन वर्षांचे. मग त्यांना वाढवलं कोणी, बावीस एकरातला त्यांच्या वाट्याचा तुकडा राखला कोणी, हे वहीत नाही. तिचा टाकही नाही.

माझी आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, दौंडजला असते. मी तिच्याकडे दोन दिवस राहायला गेले. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, मला बघून तिने निम्म्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. मी विचारलं, आबांच्या आईचं काय आठवतं?

"वाल्हेकरीण म्हनायचे तिला. वाल्ह्याची व्हती ना." आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावानेच ओळखतात. "मला दिसती अजून. लई उंच. मी धा-बारा वर्साची आसंल ती गेली तवा. तिनं मोट हाकली, ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं.

"बाप्ये लावायला पैका कुठला? भावकी म्हनली, तू वाल्ह्याला जा, पोर हितं ठिव, आमी वाढवतो. ती न्हाई म्हनली. पोराला धावेच्या कडंला झोळीत निजवायची आन् बैलामागनं चालायची. मोट भरून वर आली की बैल उलटं मागं सारायचं, ते काय सोपं आसतंय? बाई मोट हाकती म्हनून लोक बगाया यायचे. पयल्यांदा हसाया यायचे, मग नुसतेच यायचे."

मी विचारलं, तिचं नाव काय होतं?

आत्याने शेंग फोडायची थांबवली. "आजीचं नाव कोन घेतंय, बया? आमी आजी म्हनायचो. गाव वाल्हेकरीण म्हनायचं. आबा आये म्हनायचे." थोडा वेळ विचार करून म्हणाली, "न्हाई बाई. कुनी सांगितलंच न्हाई, आन् मीबी इचारलं न्हाई."

आबा 'आये' म्हणायचे हे ऐकून मला काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण तेव्हा ते नीट हाती लागलं नाही.

त्या दिवाळीत दादाने माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. आत लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, वडिलांची सवय. पत्रिका टाकायच्या नाहीत, कुळाची माणसं असतात त्यात. खरंच असतात. निमंत्रक, आपले नम्र, समस्त ग्रामस्थ, मामा, आणि शेवटी किलबिलमध्ये 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांची नावं. वहीत एका चौकटीखाली नुसतं 'मुंबई' लिहिलेलं आहे. गिरणीत गेलेला तो भाऊ आणि त्याची पुढची माणसं मला १९९६ च्या एका पत्रिकेवरून सापडली. संपानंतर ती लालबागहून डोंबिवलीला गेली होती. फोन केला तर पलीकडच्या माणसाने गावाचं नाव ऐकलं आणि काही क्षण बोलूच शकला नाही. त्यांच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

पेटीच्या तळाशी जाड कागदाची एक चौघडी घडी होती. वर राजाचं मुंडकं असलेला मुद्रांक, खाली मोडीत अकरा ओळी. ते गहाणखत होतं. गहाण सुटलं की सावकार मूळ खत परत देतो, तसं आलेलं. घडीवर कागद पिवळा पडून कडक झालेला, पण कुठे तुटलेला नव्हता. कोणीतरी तो जपून ठेवला होता. उजव्या कोपऱ्यात खाली अंगठा उठवलेला. शाई जांभळट काळी. अंगठ्याच्या वळ्या एकेक मोजता येत होत्या आणि त्यांच्या मधोमध आडवी पांढरी रेघ, तिथे शाई लागलीच नव्हती. विळ्याने कापल्यावर राहते तशी. माझ्या डाव्या अंगठ्यावर तशीच एक आहे, कडवळ कापताना लागलेली. शेतकऱ्याच्या घरातल्या कुठल्याही बाईच्या हातावर ती सापडेल. अंगठ्याच्या भोवती दोन्ही बाजूंनी लेखकाने बारीक मोडी लिहिली होती. दादाला वाचता येईना, मलाही नाही, गावात कोणालाच नाही.

कोणाकडून वाचून घेता आलं असतं. पुण्यात मोडी वाचणारे आहेत. पण मला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मी भारत इतिहास संशोधक मंडळाच्या मोडीच्या वर्गात नाव घातलं. १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी काढलेली ही संस्था, सदाशिव पेठेत. छत्तीस वर्षं मी पहिलीच्या पोरांचा हात धरून 'ग' गिरवून घेतला, आता बाकावर बसून मी 'ग' गिरवत होते. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घेतात आणि मग अक्षरं तिला टांगत जातात, हात न उचलता. शब्द कुठे संपला ते कागद सांगत नाही, वाचणाऱ्याने ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाही. नातीही वेगळ्या शब्दांनी लिहिलेली असतात. मुलगा असेल तर बापाच्या नावाआधी 'बिन' किंवा 'वलद', बायको असेल तर नवऱ्याच्या नावाआधी 'कोम'. अमकी कोम तमका. हा 'कोम' ओळखता आला की बाई सापडते. माझ्या वहीत मी तो शब्द पाचशे वेळा तरी लिहिला असेल.

दोन महिन्यांनी एका रविवारी जेवण झाल्यावर खत पुढ्यात घेतलं. आधी गावाचं नाव लागलं. मग सर्व्हे नंबर. मग तीन एकर, मग सन १९२१. पुढचं अडलं, म्हणून मी खाली अंगठ्याकडे आले. 'निशाणी' लागलं. 'डावे हाताचा अंगठा' लागलं. 'कोम' लागलं, आणि त्याच्या पुढे पणजोबांचं नाव. राहिली 'कोम'च्या आधीची तीन अक्षरं.

ती मी वाचली आणि कागद खाली ठेवला. मला वाटलं माझीच चूक होतेय, डोळ्यांना जे हवं ते दिसतंय. वर्गातल्या सरांना फक्त ती तीन अक्षरं मोबाइलवर मोठी करून दाखवली, बाकी झाकून. त्यांनी क्षणात वाचलं.

ते माझं नाव होतं.

माझं आताचं नाव नव्हे. १९८९ ला लग्न झालं तेव्हा ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहून मला दिलं, ते गेली छत्तीस वर्षं माझं नाव आहे. पेन्शनच्या कागदावरही तेच. मी म्हणतेय ते माझं पाळण्यातलं नाव. जुनाट, ठसठशीत, माझ्या वर्गातल्या सुनीता-मंगल-वैशालीत एकटंच पडणारं. मी शाळेतून रडत यायचे, आईला विचारायचे की असलं म्हातारीचं नाव का ठेवलंस. आई म्हणायची, "मी नाही ठेवलं, आबांनी ठेवलं. बारशाला कुणाचं ऐकेनात." आणि आबांनी स्वतः मला त्या नावाने एकदाही हाक मारली नाही. ते गेले तेव्हा मी तेरा वर्षांची होते. तेरा वर्षं ते मला 'आये' म्हणाले. आये, पाणी आण गं. आये, शाळा सुटली का. मला वाटायचं म्हातारी माणसं नातींना लाडाने आई म्हणतातच. आईचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून ते आये म्हणत होते. वडिलांना हे माहीत असणार. मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

सासवडच्या अभिलेख कक्षातून मग फेरफारांच्या नकला घेतल्या. तिथल्या एका तरुण कारकुनाने दोन दिवस खपून जुनी बाडं उघडून दिली. १९१९ च्या नोंदीत पणजोबा मयत, वारस मुलगा अज्ञान, पालन करणार आई, आणि तेच तीन अक्षरी नाव. १९२१ ला तीन एकर गहाण. १९३२ ला गहाण फिटलं. अकरा वर्षं. त्या काळात पुण्यात कोण कोण मोठी माणसं काय काय करत होती ते मी मुलांना शिकवलेलं आहे, त्याच अकरा वर्षांत ती विहिरीच्या धावेवर बैल मागे सारत होती. आणि मग १९३६ ची नोंद, अज्ञान सज्ञान झाल्याने पालन करणारीचं नाव कमी. मुलगा मोठा झाला, जमीन त्याच्या हाती आली, आणि त्याच ओळीत तिचं कागदावरचं आयुष्य संपलं. ती त्यानंतरही चौदा वर्षं जगली.

ही नोंद वाचताना मला माझी नोंद आठवली. वडील २००२ ला गेले. पुढच्या वर्षी वारस नोंद झाली तेव्हा आई, दादा, धाकटा भाऊ, मी आणि बहीण अशी पाच नावं चढली. दुसऱ्याच महिन्यात आम्ही दोघी बहिणींनी हक्कसोड करून दिली. साडीचोळी झाली, पुरणाचं जेवण झालं. कोणी जबरदस्ती केली नाही. दादाची ओढाताण मला दिसत होती, सही करावी असं मलाच वाटलं, आणि आज विचारलंत तर बहुधा पुन्हा करीन. महाराष्ट्रात मुलींना वडिलार्जित जमिनीत मुलग्यासारखा हक्क १९९४ च्या कायद्याने आला, पण ज्यांची लग्नं त्याआधी झाली त्यांना तो लागू नव्हता. देशभराचा कायदा २००५ ला बदलला, माझ्या सहीनंतर दोन वर्षांनी. हे सगळं मी नंतर वाचलं. पण जमीन सोडणं आणि कंसात जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. जुना उतारा काढलात तर माझं नाव तिथे आहे, दोन फेरफारांच्या मधे, मेलेल्या माणसांसारखं कंसात. आणि ते माझं पाळण्यातलं नाव आहे. शाळेच्या दाखल्याशिवाय ते आता फक्त तिथेच उरलंय. पणजीचं उरलंय गहाणखतावर आणि फेरफारात, माझं हक्कसोडीत. दोघींचं एकच नाव आणि दोघींच्या हातून जमीन जाताना लिहिलेलं. तिने तिची परत आणली.

दादाला फोनवर हे सांगितलं तर तो काहीच बोलला नाही. संध्याकाळी हडपसरला आला, न कळवता, अंजिराची पाटी घेऊन. चहा घेतला, गहाणखत बघितलं, अंगठ्यावर बोट न टेकवता वरून फिरवलं. जाताना दारात मला म्हणाला, "आबा तुला आये म्हणायचे." मी म्हटलं, हो. "मला वाटायचं माझ्यापेक्षा तुझाच लाड जास्त," म्हणाला आणि जिना उतरला.

आता नवी वही चालू आहे. जुन्या एकशे अकरा चौकटींच्या शेजारी प्रत्येकाची बायको आणि खाली लेकी लिहायच्या, असं मी ठरवलंय. ठरवणं सोपं होतं. गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूचं कोतवाल बुक पाहिलं तर आमच्या पानांवर पुष्कळ ठिकाणी अमक्यास मुलगी झाली, एवढंच आहे. मग पोरींची नावं त्यांच्या सासरी जाऊन, त्यांच्या नातवंडांकडून घ्यावी लागतात. मी जेजुरी, नीरा, वीर, परिंचे, बारामती करून आले. कुठे फोटो मिळतो, कुठे नुसतं माहेरचं गाव कळतं. जिथे नाव मिळालं नाही तिथे मी चौकट मोकळी ठेवते, पण ठेवते. बेचाळीस मोकळ्या आहेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या दाखल्यावर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव आणि मग बापाचं, असं सरकारने केलंय. माझ्या पुतण्याची मुलगी त्यातली पहिली. २०२५ साली जिवंत सातबाऱ्याची मोहीम निघाली, मयत खातेदार काढून वारस लावायची, तेव्हा गावच्या तलाठी ताई मला म्हणाल्या, "मॅडम, तुमची वही जरा बघायला मिळेल का?" दोन घरांच्या वारसनोंदी तिच्यावरून मार्गी लागल्या. अण्णाआजोबांना ह्याचा आनंद झाला असता. त्यांनी बायका लिहिल्या नाहीत याचा मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी लिहिलं नसतं तर मला कुठून सुरुवात करायची हेही कळलं नसतं.

माझा धाकटा भाचा, बहिणीचा मुलगा, हिंजवडीत नोकरी करतो. तो सगळी नावं संगणकावर चढवून देतोय, पिढीवार. दर शनिवारी येतो, मी वाचते, तो टंकतो. मागच्या शनिवारी रात्री साडेदहाला पडद्यावर काहीतरी लाल झालं. तो म्हणाला, "मावशी, हे नाव दोनदा आलंय. एक खोडू का?"

"नको," म्हटलं. "त्या दोघी आहेत."